सोनकोटचा फितूर, आमची वेस

बोरवाडी, पो. जानेफळ
२९ जुलै २०२५

ती. भागवतमामांस,
प्रतीक्षाचा सा. न. वि. वि.

आधी एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला येत नाही, आणि इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला ते यायला हवं होतं. जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्याच्या बारशाला आमच्या गावच्या बायकांनी घुगऱ्या का वाटल्या?

तुम्ही बाइंडिंगमधून पाठवलेले तिन्ही खंड मिळाले. पहिल्याचा पुठ्ठा उलटा चिकटलाय. त्यामुळे मी वाचायला बसले की समोरच्यांना वाटतं, हिने पुस्तकच उलटं धरलंय. लाउडस्पीकरवाल्या जाकीरभाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की ताई, मेहकरच्या कॉलेजात असंच शिकवते का? सगळा सभामंडप हसला.

हो, सभामंडपातच वाचते आहे. पोथी वाचणाऱ्या आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा श्रावणात वाचक कोण हा प्रश्न होता. तरुण पोरं पोथीला येतच नाहीत. मी म्हटलं, पोथीआधी अर्धा तास ही कादंबरी वाचू. पाचशे वर्षांपूर्वीचा काळ, सोनकोटचा वेढा, सुभानरावासारखा नायक. निदान पोरं मोबाईल ठेवून बसतील. पंचांनी हो म्हटलं. आता चार दिवसांत असं झालंय की पोथीच्या पाच ओव्या होतात आणि उरलेला दीड तास कादंबरी. मांडी घालायला जागा नसते.

बाबा अर्थ सांगतात. तुम्हाला ठाऊकच आहे, बावीस वर्षांपासून तो मान त्यांचा आहे. एकाने वाचायचं, थांबायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. आता कादंबरीतलं साधं मराठी वाक्य. त्याला अर्थ तो काय सांगायचा? पण रीत मोडायची कशी? म्हणून मी परिच्छेद संपला की थांबते आणि बाबा साध्या मराठीचा अर्थ आणखी साध्या मराठीत सांगतात. सोनकोटची नदी आली की म्हणतात, आपल्या नाल्यासारखीच समजा. कोटाचा दरवाजा आला की म्हणतात, आपली वेस डोळ्यापुढं आणा. लेखकाने जिल्हा कुठेच दिलेला नाही, मग बाबांनी तो आपला देऊन टाकला. चौथी शिकलेले बाबा आणि शेजारी माईकपुढे मी. आई खालून बघत असते. तिच्या डोळ्यांना पदर लागलेला मी दोनदा पाहिला.

काल सुभानरावाच्या जन्माचं प्रकरण होतं. पोथीत देवाचा जन्म आला की पाळणा बांधतात, तसा बायकांनी न सांगता पाळणा बांधला. आत नारळ ठेवला. मी गोंधळून थांबले, तर खालून आवाज आला की वाच न बाई, पोरगं जलमलं. आज सकाळी घुगऱ्या.

एक काळजी होती. कादंबरीतला शत्रू सुलतान आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मी लिहून नेलं आणि वाचून दाखवलं की त्या काळी दोन्ही फौजांत दोन्ही धर्मांची माणसं होती, भांडण राज्याचं होतं. बाबांनीही तो अर्थ नीट समजावला. जाकीरभाई रोज पुढे बसून ऐकतात. त्या बाजूने मी दार पक्कं लावून घेतलंय.

फोन केला असता, पण बाइंडिंगच्या मशिनींनी तुमचे कान गेल्यापासून मी ओरडायचं आणि तुम्ही भलतंच उत्तर द्यायचं, त्यापेक्षा हे बरं. मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पुण्याच्या हवेत पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
प्रतीक्षा

---

पुणे
३ ऑगस्ट २०२५

चि. प्रतीक्षा वाचकमहाराज यांस,
भागवतमामाचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. घुगऱ्यांचं वाचून मी इतका हसलो की शेजारच्या पोऱ्याने मशीन बंद केली. माझा सुभानराव! त्याच्या दोन हजार प्रतींच्या पाठी मी या हातांनी डकवल्या. बारशाला मला बोलावणं नको?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नाही, पण मशीनवरून जे दिसतं ते सांगतो. कवितेच्या पुस्तकाला पातळ पुठ्ठा लागतो आणि ते तीनशे छापतात. ऐतिहासिक कादंबरीला जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आत नकाशा. माणूस दुकानात येतो, हातात घेऊन वजन बघतो आणि घेतो. लग्नात देतो, निवृत्तीला देतो. मी पण वाचतो. दिवसभर डिंकात हात, मालक नावाने नाही तर अरे म्हणून हाक मारतो. संध्याकाळी खराब फर्मे, म्हणजे बिघडलेले छापील ताव, घरी नेतो आणि शंभर पानं मी कोणाच्यातरी घोड्यामागे धावत असतो. तिथं मला कोणी अरे म्हणत नाही. तिथं नीट कळतं, आपला कोण आणि परका कोण. इथं पंचवीस वर्षं राहून ते अजून कळलं नाही.

बस, इतकंच आहे बघ त्यात. वाईट काही नाही. पण भाऊजींना माझा निरोप सांग, की अर्थ जरा बेतानं सांगा. पोथीतला राक्षस कोणाच्या गल्लीत राहत नाही. कादंबरीतला माणूस राहू शकतो.

अक्काला सांग, तिच्या हातची ठेच्याची बाटली संपली. तू मोठी झालीस तरी मामाला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
भागवतमामा

---

बोरवाडी
८ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
प्रतीक्षाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात तसं झालं. मी ते वाचून पुन्हा पाकिटात घातलं आणि दोन दिवस बाबांना दाखवलं नाही.

दुसऱ्या खंडाचा शेवट तुम्हाला पाठ असेल. वेढा आठ महिने चालतो, गड पडत नाही, आणि रखमाजी नावाचा किल्लेकरी सुलतानाच्या मोहरा घेऊन चोरदरवाजा उघडतो. मी ते प्रकरण फार चांगलं वाचलं. खोटं कशाला बोलू, मी घरी आरशापुढे दोनदा वाचून गेले होते. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरवलेलं. अडसर सरकला तिथे मी थांबले, तर मंडपात श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या मंजुळाबाई हुंदके देत होत्या. सगळ्यांची छाती भरून आलेली, आणि बाबांनी ती हलकी करायला एक थट्टा केली. म्हणाले की हा रखमाजी म्हंजे आपल्या शेखरचा खापरपणजाच समजा, घर बी वेशीपाशीच हाय त्याचं.

मंडप खदखदून हसला. शेखरकाकाही हसले. तुम्ही त्यांना ओळखता, वेशीला लागून पिठाची गिरणी आहे ते. माझ्या मैत्रिणीचे, रेणुकाचे वडील. ते तर उठून म्हणाले की हाव, आमच्याच खापरपणज्यानं उघडला, उकडून राह्यलं होतं त्याले! आणखी हशा. मीही हसले. हे तुम्हाला कळवणं गरजेचं आहे.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन आलेल्या पोरांनी शेखरकाकांना मुजरा केला आणि मोहरांचा भाव विचारला. तिसऱ्या दिवशी गिरणीच्या भिंतीवर कोळशाने रखमाजी लिहिलेलं होतं. रेणुकाने ते पुसलं, तर परत. आता लहान पोरं तिला बघून दार उघड म्हणून ओरडतात. आणि आज कुलदीपने, तो तरुण मंडळाचा अध्यक्ष झालाय, पारावर सांगितलं की ही थट्टा नाही, महादेवराव बावीस वर्षं अर्थ सांगून राह्यले, त्याईले माहीत असल्याबिगर ते बोलन कसे? आणि शेखरनं तर सोता कबूल केलं, सगळ्या गावापुढं.

मामा, मी रेणुकाला म्हटलं, पोरकटपणा आहे, चार दिवसांत विसरतील. ती म्हणाली की सुभानरावाले विसरतील का?

या वेड्यांना दुसरं कशानेच पटणार नाही, पण लेखकाचा शब्द पटेल. तुम्ही म्हणाला होता ते तुमच्याकडे प्रुफं बघायला येतात. त्यांच्याकडून एवढंच लिहून आणा की रखमाजी त्यांच्या मनातला आहे, असा कोणी नव्हता. चार ओळी पुरतील. जो माणूस सातशे पानं लिहितो त्याला चार ओळी जड नाहीत.

घाई करा. पोळा बावीस तारखेला आहे आणि सगळे बैल ज्याखाली उभे राहतात ते वेशीचं तोरण शेखरकाकांच्या घरून बांधतात, ते तुम्हाला आठवत असेल.

तुमच्या शब्दावर जीव टांगून बसलेली,
प्रतीक्षा

---

पुणे
१२ ऑगस्ट २०२५

चि. प्रतीक्षास,
मामाचे अ. उ. आ.

काल लेखकसाहेब आले होते. मी हात पुसून समोर गेलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोललो, तेही माझ्या कानांमुळे ओरडून. सगळं सांगितलं. पाळण्याचं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. म्हणाले, इतके पुरस्कार मिळाले पण हा खरा. तुझ्याकडे पाळण्याचा फोटो आहे का म्हणून विचारलं.

मग मी रखमाजीचं काढलं. ते हसून म्हणाले की अहो, तो तर एका दुपारी केला मी. प्रकाशकाला तीनच खंड हवे होते, दुसऱ्याचा शेवट जोरकस पाहिजे होता, आणि गड पडायला कोणीतरी दार उघडायलाच हवं. नाहीतर तोफांनी बुरूज पाडायला आणखी शंभर पानं गेली असती. बाई, ज्याच्यावरून रेणुकाच्या भिंतीवर कोळसा फिरतोय, तो माणूस असा झालेला आहे. शंभर पानं वाचवायला.

मी म्हटलं, हेच लिहून द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, तसं लिहिलं तर वाचकांचा भ्रमनिरास होतो, उद्या लोक विचारतील मग सुभानरावही खोटा का? मी म्हटलं, आहेच ना. ते मालकाकडे बघायला लागले. मालक माझ्याकडे. शेवटी त्यांनी माझ्या फर्म्याच्या कागदावर जे लिहून दिलं ते सोबत जोडतो आहे. चार नाही, तीन ओळी आहेत. तुला हव्या तशा नाहीत.

एक मात्र आहे. तिसऱ्या खंडाच्या अकराव्या प्रकरणात रखमाजी मरतो. बघ काढून. लग्नाआधी मरतो, आई रडते, वंश संपला असं स्पष्ट छापलं आहे. ते वाचून दाखव. त्याला खापरपणतूच नाही तर शेखर त्याचा कोण? पुस्तकानेच बांधलेली गाठ पुस्तकानेच सुटेल.

माझ्याबद्दल काळजी करू नकोस. मालक फक्त इतकंच म्हणाले की भागवत, कारागिराने लेखकाला प्रश्न विचारायचे नसतात.

अक्काला सांभाळ. आपलं दोघांचं हे पत्रांचं नातं मला मोलाचं आहे, ते तुटू देऊ नकोस.

तुझा,
भागवतमामा

---

बोरवाडी
१७ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

स्पीड पोस्टने पाठवते आहे, म्हणजे पोळ्याआधी मिळेल.

लेखकाचा कागद परवा वाचला. तुम्ही पाठवलेलाच उतरवून देते, म्हणजे पुढचं कळेल. रखमाजी हे पात्र कथेच्या ओघात आले आहे. वाचकांनी कादंबरीचा आस्वाद कादंबरी म्हणून घ्यावा. आपल्या गावाच्या इतिहासप्रेमास माझे वंदन. पहिल्या दोन ओळींना कोणी हललं नाही. तिसऱ्या ओळीला टाळ्या पडल्या. खुद्द लेखकानं गावाले वंदन केलं म्हणून कुलदीपने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि मंडळाच्या खोलीत काच लावून टांगायला नेला. माझ्याकडे आता तो नाही.

मग मी मधली पानं सोडून अकरावं प्रकरण काढलं. रखमाजी मेला, लग्न झालं नव्हतं, वंश संपला. सावकाश वाचलं. थांबले. बाबांनी अर्थ सांगायचा होता. ते घसा खाकरून म्हणाले की सरळच हाय, पुढं वाच. इतकंच! तेवढ्या फटीतून कुलदीप बोलला. म्हणाला, लेखकाले का सगळं माहीत असते? लग्न नसन झालं, पण लग्नाबिगर लेकरं होत नाईत का? आणि मंडप हसला. मामा, पहिल्या दिवशी जसा हसला होता तसाच.

आता गावात ते आहे. आधी शेखरकाका नुसते फितुराच्या घरचे होते. मी केलेल्या मदतीने ते अनौरस झाले. ज्या पुस्तकाच्या भरवशावर गावाने आरोप केला, त्याच पुस्तकाने सोडवलं तर पुस्तक अपुरं ठरलं. शेखरकाका ऐकायला येत नाहीत. गिरणीवर फक्त जाकीरभाई आणि दोन-चार घरं दळण नेतात, बाकीचे जानेफळला जातात. रेणुका माझ्याकडे आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, आणि म्हणाली की तू वाचू बी नको आणि मदत बी करू नको.

काल मंडळाने ठरवलं. ज्याच्या घरानं दरवाजा उघडून देला त्याच्या हातचं तोरण आमच्या बैलाईवर नको. वेशीपुढे वेगळे बांबू रोवणार. शेखरकाकांच्या आजोबांपासून त्यांच्या भिंतीच्या कडीला तोरणाचं एक टोक असतं. बाकी त्यांच्याकडे काय आहे? दोन एकर आणि ती गिरणी. वर्षातून एक दिवस सगळं गाव त्यांच्या दारात उभं राहतं, शेखरकाका स्टुलावर चढतात आणि सगळे मान वर करून त्यांच्याकडे बघतात. तेवढंच होतं.

मी गोठ्यात जाऊन बाबांना विनवलं. ते शिंगं घासत होते. म्हटलं, बाबा, एकदा उठून सांगा की ती थट्टा होती. ते दुसऱ्या शिंगाकडे वळले. मग म्हणाले की मले का समजत नाही थट्टा होती ते? पण बावीस वर्षांतला एक अर्थ थट्टा होता म्हटलं, तर लोक इचारतीन, बाकीच्या अर्थाईचं काय? शिकलेली तू आहेस, मले तेवढंच हाय. मी म्हटलं, शेखरकाकांनाही तेवढंच होतं. त्यावर त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

आई जेवताना बाबांच्या ताटात वाढते आणि बोलत नाही.

मामा, तुम्ही या. तुम्ही ते पुस्तक बांधलंय, लेखकाशी बोलला आहात. माझं ऐकत नाहीत, मी पोरगी आहे. तुम्ही मंडपात उभं राहून ती शंभर पानांची गोष्ट सांगा. वाट पाहते आहे.

तुमची,
प्रतीक्षा

---

पुणे
२० ऑगस्ट २०२५

चि. प्रतीक्षास,
अ. उ. आ.

मला येता येणार नाही. चौथी आवृत्ती चालू आहे, दिवाळीआधी पाहिजे. मालकांनी परवाच्या गोष्टीनंतर मला पाठी डकवण्यावरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं आहे. सुट्टी मागायची ही वेळ नाही.

खरं सांगायचं तर आलो असतो तरी काय बोललो असतो? मलाही तो रखमाजी वाचताना राग आला होता. लेखकाने सांगितल्यावरही गेला नाही. तू माझ्याकडून फार अपेक्षा केलीस.

पोळा एक दिवसाचा असतो, बाई. होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी दुसरं काही निघेल आणि लोक विसरतील. वडिलांशी वैर धरू नकोस, त्यांनी तुला शिकवलं. समाप्तीचा अध्याय नीट वाच, प्रसाद घे आणि बी.एड.चं बघ.

मामावर राग धरलास तरी पत्र लिहीत जा.

भागवतमामा

---

बोरवाडी
२५ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
प्रतीक्षाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. तोवर सगळं झालेलं होतं, म्हणून तुमचा सल्ला मानला की नाही हा प्रश्न उरत नाही.

शुक्रवारी दुपारी मंडळाने वेशीपासून पंधरा पावलांवर दोन बांबू रोवले आणि जानेफळहून आणलेलं प्लास्टिकच्या पानांचं तोरण बांधलं. शेखरकाकांनी यंदाही आंब्याच्या पानांचं तोरण विणलं होतं. ते त्यांनी गिरणीच्या दाराला लावलं. बैल सजवले, झूल घातली, आणि अंगणातच उभे ठेवले. रेणुकाने दोन्ही कासरे धरले होते. झडत्या, पोळ्याची ती चढाओढीची गाणी, सुरू झाल्या तेव्हा कुलदीपने दार उघडणाऱ्यावर एक जोडली आणि सगळं गाव तिच्या शेवटी एका सुरात ओरडलं. त्यात मंजुळाबाई होत्या, ज्या रखमाजीच्या प्रकरणाला हुंदके देत होत्या. माझे चुलते होते. आमची जोडी अर्थ सांगणाऱ्याची म्हणून पहिल्या रांगेत होती. बाबांनी एकदाही गिरणीकडे पाहिलं नाही. मी त्यांच्याकडेच पाहत होते, म्हणून खात्रीने लिहिते.

पोळा फुटला, सगळ्यांचे बैल घरोघर ओवाळून घ्यायला निघाले. शेखरकाकांचे बैल कोणाच्या दारी गेले नाहीत. नैवेद्य दाखवून त्यांनी स्वतःच झूल काढली.

संध्याकाळी समाप्ती होती. महाप्रसाद असल्यामुळे गाव झाडून आलेलं. शेवटच्या प्रकरणात सुभानराव गड परत घेतो. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बायकांनी फुलं टाकली. सगळे उठायच्या बेतात होते. तेव्हा मी पान उलटलं आणि माईक जवळ घेऊन म्हटलं, अजून आहे.

मामा, तुम्हाला माहीत आहे तिथे काय असतं. फर्मा पुरा करायला सोडलेलं कोरं पान. मी त्यावरून वाचलं. आवाज कुठे खाली आणायचा ते ठरवलं नव्हतं, पण तो आपोआप तसाच लागला. रखमाजी त्या दिवशी मेला नव्हता. मेला तो त्याच्या वेषातला दुसरा. रखमाजी मोहरा कमरेला बांधून दूर एका खेड्यात गेला, तिथे त्याने लग्न केलं आणि आडनाव बदलून सुरुशे असं घेतलं. आपलं पाप कोणी ओळखू नये म्हणून त्याच्या वंशातल्या पुरुषांनी दुसऱ्यांना शहाणपण सांगायचा धंदा धरला.

आणि मी रीतीप्रमाणे थांबले.

सुरुशे गावात एकच घर. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. कोणी हसलं नाही. बाबा माझ्याकडे झुकले, माईकवर हात ठेवला आणि हळू विचारलं की हे लिहिलं हाय का? मी हो म्हटलं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, त्यांच्यापासून हातभर. त्यांना अक्षर वाचता येतं. पान कोरं आहे हे तर लहान मुलालाही दिसलं असतं. त्यांनी हात पुढे केला नाही. मला वाटतं त्यांना कळलं होतं. मला खोटी पाडायची तर बी.ए. झालेली मुलगी देवापुढे बसून खोटं वाचते असं गावाला सांगावं लागलं असतं, आणि मग महिनाभर आम्ही दोघांनी जे वाचलं, सांगितलं, ते कोणी मानलं असतं? ते सरळ बसले, माईकवरचा हात काढला आणि म्हणाले, लिहिलं असंन तर असंन.

पाचशे माणसांत पुस्तक दाखव असं म्हणणारा एकही निघाला नाही. लेखकाच्या सहीच्या कागदाने जे झालं नाही, ते माझ्या एका थापेने झालं. मला वाटलं होतं लोक ओरडतील, हे कसं शक्य आहे म्हणतील, आणि मग मी विचारेन की मग शेखरकाकांचं कसं शक्य होतं? तो प्रश्न मी पाठ करून नेला होता. विचारायची वेळच आली नाही. त्यांनी विश्वास ठेवला.

रविवारी भजनाला बाबांना बोलावणं आलं नाही. कुलदीप म्हणतो की दोन घरं निघाली, एकानं दरवाजा उघडला आन दुसऱ्यानं मोहरा नेल्या. म्हणजे शेखरकाका सुटलेले नाहीत. त्यांना आता सोबत मिळाली. जाकीरभाई स्पीकर न्यायला आले तेव्हा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, बेटा, आमच्याकडचं दार तू पहिल्याच दिवशी लावलं, याईच्या घराईचं कोन लावणार होतं? रेणुका अजून बोललेली नाही, पण शनिवारी आईने दळण डोक्यावर घेतलं आणि भर चौकातून गिरणीवर नेलं. रेणुकाने ते दळून दिलं. बाबा कोणाशीच बोलत नाहीत. जेवतात, शेतात जातात. मी ताट नेलं तर घेतात.

तुम्ही लिहिलंत की पुस्तकात आपला कोण, परका कोण हे नीट कळतं. मला ते आता इथेच कळू लागलंय, आणि ते मला आवडलेलं नाही.

तुम्ही समजवाल की खरं सांगून टाक. सांगेन. ज्या दिवशी मंडळ शेखरकाकांबद्दलचं मंडपात उभं राहून मागे घेईल, त्या दिवशी मीही सांगेन की पान कोरं होतं. तोवर त्यांचं जसं राहिलं तसं आमचंही राहील. म्हणून तिसरा खंड मी घरात ठेवला नाही. बाबांनी रात्री-अपरात्री उघडून बघू नये आणि गावात कोणाच्या हाती पडू नये, म्हणून आज सकाळी जानेफळच्या पोस्टातून तो तुमच्या पत्त्यावर पाठवून दिला. पावती माझ्याजवळ आहे. पार्सल आलं की नुसतं कळवा. लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. तो उरला असेल तर मला कळेलच.

तुमची भाची,
प्रतीक्षा महादेव सुरुशे